पंचामृताशेजारची जागा

परवा दाराच्या फटीतून तोच जांभळा लिफाफा आत पडला, या वेळी माझ्या नावाचा. पहिला आला होता माझ्या नवऱ्याला, पंचावन्न पूर्ण झाल्यावर, गणपतीच्या आदल्या दिवशी. इकडे परदेशात, उइटहॉर्नच्या आमच्या घरभर गूळ-खोबऱ्याचा वास होता. लिफाफ्यात आतड्याच्या कॅन्सरची सरकारी तपासणी होती, घरीच करायची. शौचाचा नमुना छोट्या नळीत घ्यायचा आणि पोस्टात टाकेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवायचा. "फ्रीजमध्ये? तिथे बाप्पाचं पंचामृत आहे!" हे ओरडलेच. "अहो, तीन पिशव्यांत गुंडाळते, अगदी खालच्या कप्प्यात ठेवते. बाप्पाला मी समजावते." "गणपती जाऊ देत गं, मग बघू." गणपती गेले, नवरात्र आलं, मग दिवाळीचा फराळ. चपलांच्या कपाटावरचा लिफाफा रद्दीत कधी गेला, कळलंच नाही. दर दोन वर्षांनी येणारे नंतरचेही तसेच गेले. यांच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा आजार यकृतापर्यंत पोचला होता. आज चतुर्थी. यांचं वर्षश्राद्ध व्हायचंय, म्हणून यंदा गणपती बसवला नाही. सकाळी मी नळी भरली, सवयीने तीन पिशव्यांत गुंडाळली आणि फ्रीज उघडला. आत जागाच जागा होती.