प्रवाशांनी कृपया वर बघावे

बसस्थानकावरच्या त्या बाईंना सगळे भोंगाताई म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. अठरा वर्षं त्यांचा आवाज छताला टांगलेल्या चार भोंग्यांतूनच लोकांच्या कानी पडत होता आणि चेहरा फारसा कुणी पाहिलेला नव्हता. चौकशीच्या खिडकीमागे एक अरुंद खोली, एक टेबल, गाड्यांच्या नोंदीची वही, लाल बटणाचा माईक आणि दर फेरीला एकदा खोकणारा पंखा, एवढं त्यांचं राज्य. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' इथून सुरुवात आणि 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' इथे शेवट. मधे फक्त गाडीचा नंबर बदलायचा. पोपटालाही यापेक्षा जास्त वाक्यं येतात, असं त्या स्वतःच म्हणायच्या.

पण टेबलासमोरच्या काचेतून तीन नंबर फलाटाचं छत दिसायचं. छताच्या कोपऱ्यात पाकोळ्यांची घरटी होती. गवतापिसांचे गोळे एकमेकांना चिकटवून केलेली दाटीवाटीची वस्तीच ती. दोन गाड्यांच्या मधे भोंगाताई तिकडे बघत बसायच्या आणि वहीच्या मागच्या पानांवर लिहायच्या: 'आज पिलांचा आवाज सुरू झाला.' 'आज एकीने उडता उडता हवेतलं पीस पकडलं.' शाळेत त्यांना शास्त्र फार आवडायचं, पण पुढे शिकायचं राहून गेलं. ती पानं कुणाला दाखवायची त्यांना लाज वाटायची.

एका दुपारी मोठ्या रस्त्यावर झाड आडवं पडलं आणि एकही गाडी येईना. पाऊण तास झाला, सव्वा तास झाला. भोंगाताईंनी सात वेळा दिलगिरी व्यक्त केली आणि आठव्या वेळी फलाटावरून कुणीतरी ओरडलं, "दिलगिरी नको, गाडी पाठवा!" तेवढ्यात पाकोळीने एका गृहस्थाच्या कोऱ्या बॅगेवर प्रसाद टाकला. झालं, आगीत तेलच पडलं. गृहस्थ थेट कंट्रोलर साहेबांवर चालून गेले. साहेब आधीच घामाघूम झालेले. ते म्हणाले, "उद्या सकाळी बांबू आणतो आणि सगळी घरटी पाडतो. मग तर झालं?"

भोंगाताईंनी हे काचेतून ऐकलं. त्या आठवड्यात निदान पाच घरट्यांत पिलं होती. साहेबांशी वाद घालायची त्यांची छाती नव्हती. हाताशी होता तो माईक. त्यांनी लाल बटण दाबलं.

"प्रवाशांनी कृपया वर बघावे."

चारशे माना एकदम वर झाल्या. बॅगवाल्या गृहस्थांचीही झाली.

"फलाट तीनच्या छताला जी घरटी दिसतात ती पाकोळ्यांची आहेत. या पक्ष्याला जमिनीवर चालता येत नाही. खाणं उडता उडता, पाणी पिणंही उडता उडता. घरट्याचं पीसन् पीस हवेत पकडलेलं आणि स्वतःच्या थुंकीनं चिकटवलेलं. आत्ता आत पिलं आहेत. त्यांच्या आयांनी सकाळपासून किती किडे पकडले असतील त्याची मोजदाद नाही. ते किडे इथेच असते, तर आपल्याला चावत बसले असते."

त्या दहा मिनिटं बोलल्या. मागची पानं उघडून तारखांसकट बोलल्या. भिंगाला डोळा लावून बघावं तसे लोक छताकडे बघत होते. कुणी बोट दाखवत होतं, कुणी "ती बघ, ती बघ, आत शिरली!" म्हणत होतं. झाड कधी हटलं आणि पहिली गाडी कधी आत आली, हे निम्म्या लोकांना कळलंच नाही.

त्याच गर्दीत भोंगाताईंची भाची कॉलेजातून घरी जायला उभी होती. मावशीचा आवाज ऐकून तिने फोन वर धरला आणि सगळं रेकॉर्ड करून संध्याकाळी इंटरनेटवर टाकलं. सकाळी भोंगाताई कामावर आल्या तेव्हा साहेब बांबू हातात घेऊन उभे होते, आणि बांबूभोवती वीसेक माणसं.

"साहेब, हात लावाल तर बघा," एक कंडक्टर म्हणत होता. "माझ्या बायकोनं बजावून पाठवलंय."

शेवटी तोच बांबू आडवा बांधून, त्यावर फळ्या टाकून घरट्यांखाली एक माळा केला. घाण फळीवर, पक्षी वर, बॅगा सुरक्षित.

भोंगाताई दोन दिवस हवेत होत्या. तिसऱ्या दिवशी खिडकीत एक बाई येऊन उभ्या राहिल्या. केस पांढरेशुभ्र, हातात छत्री, आणि आवाजात चाळीस वर्षं वर्ग गप्प केल्याची सवय.

"पाकोळ्यांबद्दल बोललात त्या तुम्हीच ना?"

"हो," भोंगाताई लाजून म्हणाल्या.

"छान बोललात. पण तारेवर रांगेनं बसतात त्या याच, असं सांगितलंत. साफ चूक. पाकोळीला तारेवर बसताच येत नाही, तिचे पाय त्या कामाचे नाहीत. तारेवर बसतात त्या भिंगऱ्या. लोक दोघींनाही एकच समजतात. मी प्राणिशास्त्र शिकवायचे."

भोंगाताईंचा चेहरा उतरला. "आता काय करायचं हो?"

"काय करायचं म्हणजे? चुकलं की दुरुस्त करायचं. शास्त्रात दुसरं काय असतं?"

संध्याकाळी पाच वाजता, गर्दीच्या वेळी, भोंगाताईंनी बटण दाबलं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. त्या दिवशी माझ्याकडून एक चूक झाली." आणि त्यांनी सगळं नीट सांगितलं. साहेब खोलीत धावत आले. "अहो ताई, माईकवरून चूक कबूल करता? उद्या लोक गाड्यांच्या वेळांवर विश्वास ठेवतील का?"

"साहेब, वेळांवर विश्वास होता कुठे?" भोंगाताईंच्या तोंडून निघून गेलं. साहेब स्वतःच खो खो हसत सुटले.

त्या दुरुस्तीनं मात्र कमाल केली. लोक खिडकीशी थांबून तारेकडे बोट दाखवायचे आणि विचारायचे, "म्हणजे त्या भिंगऱ्या, बरोबर?" आपली चूक चारशे लोकांपुढे सांगणारी बाई खोटं बोलणार नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. मग रोज पाच वाजता पाच मिनिटं हा रिवाजच पडला. शास्त्राच्या बाई छत्री घेऊन चारलाच हजर व्हायच्या. भोंगाताईंनी लिहिलेलं वाचायच्या, तीन ठिकाणी खोडायच्या आणि एखाद्या ठिकाणी "वा!" म्हणायच्या. भाची ते रेकॉर्ड करून 'गाडी येईपर्यंत' या नावानं इंटरनेटवर टाकायची. टायरचा धूर, फलाटाच्या फटीत उगवलेलं गवत, प्लास्टिकची बाटली फेकल्यावर कुठे जाते, असे विषय निघाले. ड्रायव्हर लोक गाडीत तेच लावू लागले.

सगळं गोडीत चाललं होतं, आणि मुख्य कार्यालयातून पत्र आलं. एका प्रवाशाची तक्रार. साहेबांनी गंभीर चेहऱ्यानं वाचायला घेतली. "'आपल्या स्थानकावरील माईकवरून मुंग्यांविषयी माहिती सुरू असल्याने माझे गाडीकडे दुर्लक्ष झाले व ती निघून गेली.'"

भोंगाताई खुर्चीवरून उठल्याच. अठरा वर्षांत पहिली तक्रार.

"पुढे ऐका," साहेब म्हणाले. "'मी रिक्षाने गाडीमागे धावलो, त्यामुळे उर्वरित भाग हुकला. मुंग्या वास सोडत जातात इथवर समजले. परंतु मधे पाणी सांडले तर त्या काय करतात? कृपया लेखी कळवावे.'" खाली मोठ्या साहेबांचा शेरा होता: गाडी सुटण्याआधी पाच मिनिटे असे काही सांगू नये. एरवी हरकत नाही. उत्तराची एक प्रत इकडेही पाठवावी.

शास्त्राच्या बाईंनी त्या उत्तराची दोन पानं लिहिली. भोंगाताईंनी वळणदार अक्षरात प्रती केल्या.

गेल्या आठवड्यात एक आजी खिडकीशी आल्या. हातात पिशवी नाही, काही नाही.

"कुठली गाडी, आजी?"

"गाडी कसली गं? कुठं जायचंय मला? नातीच्या फोनवर ऐकते तुला. पण फोनला प्रश्न विचारता येत नाही ना. माझ्या खिडकीतला वेल आहे, त्याला मी काठी लावली लांब, तर वळून बरोबर काठीकडेच गेला. त्याला डोळे नाहीत, मग काठी कुठं आहे ते कळलं कसं?"

भोंगाताईंनी शास्त्राच्या बाईंकडे पाहिलं. "मी प्राण्यांची," बाई म्हणाल्या. "वाचावं लागेल."

"आजी, आम्हाला माहीत नाही," भोंगाताई म्हणाल्या. "शोधून उद्या सांगू." मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी बटण दाबलं आणि आजींचा प्रश्न जसाच्या तसा अख्ख्या स्थानकाला विचारला.

फलाट एकवरून कुणी म्हणालं, वास घेत असेल. तीनवरून कुणी म्हणालं, सावली कळत असेल. एक शिंपी आपल्या परसातली गोष्ट सांगू लागला, एक नर्स त्याला मधेच अडवू लागली. साहेब टोपी काढून खोलीबाहेर आले आणि म्हणाले, "माझ्या मते तो आधी गोल गोल फिरून चाचपत असणार." आजींना बाकावर जागा मिळाली आणि चहाही आला. चार नंबरची गाडी येऊन उभी राहिली. कंडक्टरनं तीनदा घंटा वाजवली, चौथ्यांदा वाजवली आणि शेवटी दारातून वाकून ओरडला, "अरे चला रे! वाद गाडीत घाला, मलाही ऐकायचंय!"