बंद कांडपाचा आवाज

लिहायला बसलो याची आधी माफी मागतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे पीक विम्याचा अर्ज भरणं, नाहीतर लग्नपत्रिकांवर पाहुण्यांची नावं टाकणं. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. धंदा या विषयावर बोलण्याचा मला तसा काहीच अधिकार नाही, कारण मी आजवर काहीही विकलेलं नाही. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना विचारलेलं नाही, म्हणून नावं टाकत नाही.

याआधी दुसऱ्यासाठी मी एकदाच लिहिलं होतं, तिखटाच्या पाकिटावर छापायचा मजकूर. 'लोणारच्या मातीतली मिरची. उन्हात वाळवलेली, मुसळाखाली कुटलेली. रंग घातलेला नाही. खाऊन पाहा, मग बोला.' शेवटचं वाक्य जरा उद्धट वाटेल अशी मला भीती होती. दादा म्हणाला, "राहू दे बे. तेच तर चांगलं आहे."

दादा म्हणजे माझा चुलत भाऊ. आमचं गाव लोणारहून मेहकरला जाताना आत वळल्यावर लागतं. दादा बी.एस्सी. झाला, बुलढाण्याला खोली करून काही वर्षं भरतीच्या परीक्षा देत राहिला आणि एका उन्हाळ्यात परत आला तो मिरची कांडायची मशीन घेऊनच. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये सिमेंट करून ती बसवली. बाहेर पाटी लावली, तिच्यावर स्वतःच्या नावापुढे डिग्री लिहून घेतली. पेंटर नको म्हणत होता. दादा म्हणाला, शिकलो आहे तर लपवू काहाले?

मशीन चालू झाली की तिची मुसळं वर जात आणि धप्प करून खाली येत. आमच्या घरी ऐकू यायचं. मी त्या आवाजात अभ्यास केला आहे, जेवलो आहे. बाया डबे घेऊन रांगेत बसत, पदर नाकाला लावून. पुरुष पारावर बसत आणि दादा दिसला की सुरू होत.

"आले, बी.एस्सी. तिखट आले."

"काऊन बे, एवढं शिकून बायाइचं काम करते?"

"परीक्षेत नाही कुटता आलं, म्हून मिरच्या कुटून राह्यला."

दादाही हसायचा. म्हणायचा, "तुमच्या वरणाले तिखट कोण देते, घरी जाऊन विचारा." पण त्याच्याच वयाचा एक जण अजून बुलढाण्याला परीक्षा देत होता. तो गावात आला की त्याच पारावर सरकून त्याला जागा दिली जायची. 'साहेब' म्हणायचे त्याला. ते मी पाहत होतो आणि दादाही पाहत होता.

त्याला पाकिटं करायची होती. "सरोवर पाहाले एवढे लोक येतात," तो म्हणायचा, "आन् फोटो घेऊन जातात. आपण तिखट देऊ." मी पदवी झाल्यावर त्याच्यासोबत यावं असंही तो एकदोनदा बोलला. मी हो म्हणालो नव्हतो, पण मनात हो होतं.

बुलढाण्याला आमच्या कॉलेजात उद्योजकतेवर एक कार्यशाळा झाली. बाहेरून आलेले पाहुणे म्हणाले, नोकरी मागणारे होऊ नका, देणारे व्हा. आम्ही खूप टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी विचारलं, तुमच्या ओळखीत कोणी उद्योजक आहे का? मी घाबरत उभा राहिलो आणि दादाच्या कांडपाचं सांगितलं. मागच्या बाकावरून कोणीतरी खोटं शिंकलं आणि वर्ग हसला. पाहुणे हसले नाहीत. समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "छान आहे, पण तो स्वयंरोजगार झाला. उद्योजक म्हणजे मोठा विचार." मी खाली बसलो. मोठा विचार कुठून सुरू होतो हे विचारायचं राहून गेलं.

दादाचं कांडप राहणार की जाणार, हे शेवटी त्याच्या लग्नावर येऊन थांबलं. स्थळं येत, काय करते विचारत आणि परत फोन करत नसत. काकूनं त्याला बजावलं, "आता येणारे पाव्हणे गेले ना, तर मी हे मशीन घरात ठेवू देणार नाही." मशीन घरात नव्हतीच, पण सगळ्यांना अर्थ कळला.

ते पाहुणे हिवरा आश्रम या गावाकडचे होते. आदल्या दिवशी काकानं पाटी काढून बाजेखाली सरकवली, पालथी. शेडला कुलूप लावलं. काकूनं घर दोनदा पुसून घेतलं, उदबत्त्या लावल्या. ठरलं असं, की पोरगा परीक्षेची तयारी करतो असं सांगायचं. नोकरी नसली तरी चालते, नोकरीच्या वाटेवर असला म्हणजे झालं. मी सुट्टीत आलो होतो. पोहे द्यायचं काम माझ्याकडे होतं.

मुलीचे मामा बसले आणि लगेच शिंकले. पुन्हा शिंकले.

"तिखट केलं काय आज?" त्यांनी विचारलं.

"हाव, थोडंसं," काकू आतून म्हणाली.

काका परीक्षेचं बोलू लागला. दादा मान खाली घालून बसला होता. मामांनी प्लेट घेताना त्याच्या हातांकडे पाहिलं.

"अभ्यास करते म्हणता, मंग नखं लाल काऊन?"

 मग दादाच बोलला. "माझं कांडप आहे मामा. रस्त्याले शेड दिसलं ना, ते. पाटी काल काढली."

मामांनी पोहे संपवले. वाईट माणूस नव्हता. उठताना दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काम वाईट नाही रे बाप्पा. पण तुमच्याच घरचे लपवून राह्यले, तं मी पोरीले काय सांगू?"

त्या संध्याकाळी पाटी कोणी परत लावली नाही. मी लावू का, असं दादाला विचारलं. तो म्हणाला, "राहू दे." पाकिटावरच्या ओळीबद्दल म्हणाला होता तसंच, त्याच दोन शब्दांत. पुढच्या महिन्यात चिखलीकडचा एक जण टेम्पो घेऊन आला आणि मशीन घेऊन गेला. बोल्ट सिमेंटमध्ये पक्के होते. ते तसेच राहिले.

दादा संभाजीनगरकडे गेला. कंपनीत लागला, एवढंच घरी कळवलं. गावात बातमी पसरली आणि पारावरचे लोक काकाला थांबवून विचारू लागले, "कंपनीत लागला म्हणे?" काकाचा चालण्याचा ढंगच बदलला. स्थळं आपोआप येऊ लागली. एक जमलंही, तारीख दिवाळीनंतर बघू असं ठरलं. कंपनीत तो काय करतो हे कोणी विचारलं नाही. महिना बांधलेला आहे, एवढं पुरे होतं.

मला मात्र तो आवाज येऊ लागला. मी बुलढाण्यात खोलीवर वाचत बसलेला असायचो आणि लांबून धप्प, धप्प. बाहेर येऊन पाहायचो. कधी कोणी बांधकामावर काही ठोकत असायचं, कधी काहीच नसायचं. गावी गेलो की शेडकडे पाय वळत. जमिनीतून बोल्ट वर आलेले. वारा सुटला की पत्रे हलत आणि पत्र्यांच्या पन्हाळीत साचलेली लाल भुकटी खाली येत असे. रस्त्यानं जाणारा माणूस शिंकायचा आणि चालू लागायचा. कशानं शिंक आली ते त्याला आठवतही नसावं. मशीन नव्हती, पाटी नव्हती, पण ठसका तसाच होता.

फोनवरही तेच. दादाशी बोलताना मागून ठोके ऐकू यायचे. मी विचारलं, कसला आवाज आहे? "कंपनी आहे बे. आवाज राहीनच," तो म्हणायचा आणि घरच्यांचं विचारू लागायचा. मला वाटलं, माझ्याच कानात बसलेलं आहे ते.

दिवाळीला तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा बॉक्स. मी पाया पडायला वाकलो आणि शिंक आली. सगळे हसले. काकू म्हणाली, "जुन्या पेटीतला शर्ट घातला असन त्यानं." शर्ट नवा होता. दादा हसला नाही. त्यानं हात पाठीमागे नेले आणि जेवायला बसेपर्यंत ते पाठीमागेच होते. मी नखं पाहिली नाहीत. पाहायची हिंमत झाली नाही असं म्हणणं जास्त खरं.

मी स्वतःला समजावलं, की बंद पडलेली गोष्ट माणसाला अशीच दिसत राहते. परवापर्यंत हेच समजावत होतो.

परवा बुलढाण्याच्या बसस्टँडबाहेर आमच्या गावचा पिकअपवाला भेटला. पूर्वी पारावर बसायचा, 'बी.एस्सी. तिखट' हे नाव त्यानंच पाडलेलं. आता तो भाड्यानं माल नेतो. चहा घेऊ म्हणाला. चहा येईपर्यंत इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला,

"तुझा दादा दिसला."

"कुठी?"

"मिरची खाली कराले गेलतो, संभाजीनगरच्या बाजूले. मसाल्याची कंपनी आहे. आत डोकावलो तं लाईननं मशीनी, आन् मंधात तुझा दादा. तोंडाले फडकं बांधेल. मी आधी ओळखलंच नाही, त्यानंच हात केला."

"काय करून राह्यलता?"

त्यानं कप हातात फिरवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"मिरच्या कुटून राह्यलता. अठी होती तशीच मशीन. मोठी आहे, आन् दुसऱ्याची आहे, एवढंच. मले म्हणे, गावात सांगजो, कंपनीत आहे म्हून."