थोरल्या साडूंचं पितळ

आमच्या थोरल्या साडूंना घरी मुक्कामाला बोलावण्याइतकं धाडसाचं काम उभ्या रायगड जिल्ह्यात दुसरं नसेल. माणूस अत्यंत सज्जन. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. पण घरात पाऊल टाकल्यावर पाचव्या मिनिटाला त्यांची नजर जिथे पितळ असेल तिथे जायची आणि दहाव्या मिनिटाला ते पितळ त्यांच्या हातात असायचं. अलिबागला आमच्याकडे ते पहिल्यांदा राहायला आले, तेव्हा दुपारी जेवून मी जरा आडवा झालो होतो. उठून पाहतो तर देवघरातली घंटा, मोरीच्या दाराची कडी आणि माझ्या वडिलांचा पानाचा डबा जागेवर नाही, आणि साडूही नाहीत. पोलिसांकडे जावं की चौलला साडूंच्या घरी, या विचारात आठवडा गेला. आठव्या दिवशी तिन्ही वस्तू घेऊन ते हजर. कडी लोण्यासारखी सरकू लागली, डब्याचं झाकण टक्कन बसू लागलं, आणि घंटा अशी खणखणली की शेजारचे लोक न बोलावता आरतीला येऊ लागले. "आधी विचारायचं तरी!" बायको त्यांना म्हणाली. "विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस," ते शांतपणे म्हणाले.

मुंबईच्या गोदीत आयुष्यभर यंत्रांवर काम करून ते चौलला परतले, आणि सुपारीच्या वाडीतल्या रिकाम्या गोठ्यात त्यांनी गुरांच्या जागी धातू कातायचा एक जुना लेथ बांधला. मोडीत निघालेल्या लाँचींचे नळ, व्हॉल्व्ह, पंख्यांचे तुकडे ते रेवदंड्याच्या भंगारवाल्याकडून सायकलला लटकवून आणत. तुकड्यावर कानशीचा एक हात मारायचा आणि खालचा रंग बघायचा. पिवळा निघाला तर पितळ, तांबूस निघाला तर ब्राँझ. ब्राँझ निघालं की मला दटावत, "साडूभाऊ, हा खाऱ्या पाण्यात उभा जन्म काढून आलाय. नीट धरा." मग त्यातून दिव्याचं बूड, अडकित्त्याची मूठ, खलबत्ता असं काहीही जन्माला येई. लेथचा कीस त्यांच्या केसांत, कपड्यांत, अंथरुणात असायचा. ताई, म्हणजे त्यांची बायको, आमटी वाढताना म्हणायची, "जपून जेवा हो, आज पितळ जरा जास्त पडलंय."

गावातल्या कोळणी दारातूनच हाक मारत, "काका हाय काय घरात? घागर गळते." काका नेहमीच घरात असत. मुरुडला आमच्या भाच्याच्या लग्नात मात्र हद्द झाली. वरात निघाली, आणि बँडमधला एक कर्णा फुसफुसतो आहे हे यांच्या कानाने टिपलं. "हा वाजत नाही, रडतोय," म्हणत त्यांनी तो वाजवणाऱ्याच्या तोंडातून काढून घेतला आणि तडक आचाऱ्याच्या शेगडीपाशी गेले. खिशात कथलाची कांडी आणि नवसागराची डबी होतीच. नवरदेव घोड्यावर, मुहूर्त डोक्यावर, आणि साडू कर्ण्याच्या चिरेला डाख देताहेत! मुलीचे वडील संतापून आत आले, तर त्यांनाच कर्णा धरायला लावला. कर्णेवाला जाताना यांच्या पाया पडला. मुलीच्या वडिलांनी अजून बोलणं टाकलेलं आहे.

गेल्या हिवाळ्यात डाख देताना ओल्या सांध्यावर तापलेलं कथील पडलं आणि त्यांच्या तोंडावर उडालं. भुवई भाजली. डोळा थोडक्यात वाचला. ताईचा फोन आला. खोकत खोकतच म्हणाली, "तुमचं ऐकतील ते. काहीतरी सांगा त्यांना."

मी चौलला गेलो. साडू भुवईला पट्टी लावून पुन्हा डाख देत बसले होते. डोळ्याचं बोललो तर हसले. वय काढलं तर म्हणाले, "लेथ माझ्याहून म्हातारा आहे." माझा जन्म अलिबागच्या कोर्टात लोकांच्या खोट्या साक्षी लिहून घेण्यात गेला. त्या दिवशी स्वतःची द्यायची वेळ आली, तर अडखळलोसुद्धा नाही. "दादा," मी म्हणालो, "ताईंचा खोकला या धुरामुळे आहे. डॉक्टर मला म्हणाले."

डॉक्टर मला काहीही म्हणाले नव्हते.

साडूंनी हातातला ब्लो लॅम्प विझवला. "मला का नाही सांगितलं कोणी?" एवढंच विचारलं. महिन्याभरात लेथ पेणच्या एका ओळखीच्या माणसाकडे गेला. गोठ्यात आता नारळ ठेवतात. ताईचा खोकला आल्याच्या चाटणाने पंधरा दिवसांत बरा झाला होता. लेथ गेल्यावर ती मला म्हणाली, "अहो, चष्मा लावून काम करा, एवढंच सांगाल असं वाटलं होतं मला."

मागच्या महिन्यात खरं सांगून टाकायचं ठरवून मी चौलला गेलो. साडू पडवीत बसले होते. स्वच्छ धुतलेला सदरा, नखं कापलेली. त्या हातांची नखं गोरी असतात हे मला त्या दिवशी कळलं. सकाळी वाचून झालेलं वर्तमानपत्र ते पुन्हा पहिल्या पानापासून वाचत होते.

"दादा, एक सांगायचं होतं," मी सुरुवात केली.

"थांबा, आधी मला सांगू द्या." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. आत ताई भांडी लावत होती, म्हणून आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचे उपकार आहेत, साडूभाऊ. वर्ष झालं, तिला एकदा खोकला नाही. तुम्ही त्या दिवशी बोलला नसता तर माझ्या हातून केवढं पाप घडत राहिलं असतं."

ते खरं सांगण्याचं बळ माझ्यात नव्हतं, आणि लेथही आता परत येणार नव्हता.

"तुमचं काय होतं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. सहज आलो होतो."

निघालो तेव्हा ते एसटीच्या थांब्यापर्यंत सोबत आले. गाडीला बराच अवकाश होता. पूर्वी ते मला वाडीच्या फाटकातूनच हात हलवून निरोप देत, कारण मागे काही ना काही तापत ठेवलेलं असायचं. त्या दिवशी गाडी येईपर्यंत ते माझ्याशेजारी बाकावर बसून राहिले. त्यांना कसलीच घाई नव्हती.