देव वाटेत उभे राहतात

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. मला देवाबद्दल फार कळतं असं नाही. उलट बाबा गेल्यापासून मी देवासमोर हात जोडणंच सोडलं होतं. ते आजारी असताना दवाखान्याच्या जिन्यात बसून मी गावदेवीला सगळं सांगितलं होतं. कॉलेजचा अर्ज भरतात तसं, एकही रकाना रिकामा न ठेवता. तरी ते गेले. त्यानंतर मी भांडले नाही, फक्त बोलायची थांबले. आई मात्र सकाळ-संध्याकाळ दिवा लावत राहिली. मला तिचा राग यायचा आणि तो रागही तिला सांगता यायचा नाही.

आमचं घर पनवेलजवळच्या ओवे गावातलं. माझी आई धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नात भटजींच्या आधी धवलारीण लागते. मांडवात बसून ती धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाते. गाऊनच देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना लग्नाचं आवतान देते. आईला अक्षरओळख नाही, पण शेकडो ओळी तिला तोंडपाठ. बाबा गेल्यावरही लोक तिला बोलवत राहिले, कारण आमच्याकडे धवलारणीच्या कपाळावर कुंकू आहे की नाही हे कोणी बघत नाही. मी घरातली कॉलेजात गेलेली पहिली. पनवेलला वर्गातल्या मैत्रिणींनी विचारलं की आई काय करते, तेव्हा मी ‘घरीच असते’ एवढंच सांगायचे.

ताईचं लग्न ठरलं आणि महिन्याभरात आईच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी आवाज अजिबात ताणायचा नाही असं बजावलं. गावात दुसरी धवलारीण होती, तिला त्याच दिवशी दुसरा मांडव होता. एवढ्या पोरींना आवतानं गाऊन सासरी पाठवणारी माझी आई स्वतःच्या लेकीच्या मांडवात मुकी बसणार होती. तिने मला जवळ बोलावलं आणि कुजबुजत म्हणाली, “तू म्हन गो. तुजा आवाज माज्यासारका हाय.” मला विश्वास नव्हता, पण नाही म्हणवेना. वाटलं, देवासाठी नाही, आईसाठी म्हणेन.

रोज कॉलेजातून आल्यावर ती कुजबुजायची, मी म्हणायचे. आधी गावदेवी, मग वेशीवरचा देव, मग खाडी, मग शेताचा राखणदार, आणि शेवटी घरातली गेलेली माणसं, एकेकाचं नाव घेऊन. आजोबा, आजी, मोठे काका. त्यानंतर बाबांचं नाव यायचं. या घरच्या मांडवात ते पहिल्यांदाच येणार होतं. तिथे आलो की आई माझा हात दाबायची आणि पुढची ओळ धरायची. मीही काही म्हणायचे नाही. दोघींनी मिळून ती एक जागा रोज गाळली आणि बाकी सगळं पाठ केलं.

मांडवाच्या दिवशी सकाळी दारात पाहुणे, कोपऱ्यात डीजेचे खोके, मागे जेवणाची भांडी. काकीने येताच टोमणा मारला, “काय गो कालेजवाली, मोबाइलमंदी बगून म्हनतेस का पाट केलास?” बायका हसल्या. माझी एक मैत्रीणही आली होती, त्यामुळे मी आणखीच अवघडले. मांडवाच्या खांबाशी एक बाई ओल्या हातांनी आत बघत उभी होती. केटररबरोबर भांडी घासायला आलेली. मी तिला म्हटलं, “मावशी, इथे पूजा आहे, जरा मागे थांबा ना.” ती मागे सरकली.

मी सुरुवात केली. काकी माझी ओळ मागून उचलत होती. गावदेवी झाली, खाडी झाली, आवाज थरथरत का होईना चालला होता. आजोबा झाले, आजी झाली, काका झाले. आणि मी थांबले. पुढे कोणाचं नाव आहे हे मला ठाऊक होतं. पण ते मी कधी गाऊनच पाहिलं नव्हतं. ताईने मान खाली घातली. आईने तोंड उघडलं, नुसती हवा आली. काकी माझ्या ओळीची वाट बघत बसलेली. कोणीतरी म्हणालं, “ऱ्हाऊ दे, झाला तवरा झाला.”

तेवढ्यात मागून तीच ओळ आली. जाडसर, जुना, न घाबरणारा आवाज. भांडी घासणारी ती बाई हात पुसत आत येत होती आणि गात होती. आवतानाची ओळ तिने नावापर्यंत आणली आणि माझ्याकडे बघितलं. “बापाचा नाव काय गो, पोरी?”

“धर्मा,” मी म्हणाले.

“मंग घे ना. मी हाय.”

मी घेतलं. माझा आवाज फाटला, पण तिचा खालून लागलेला होता, त्यामुळे पडला नाही. बाबांना आवतान गेलं. आई मांडवात बसून रडत होती आणि हसतही होती.

नंतर मी तिला शोधत मागे गेले. ती कढई घासत होती. चिरनेरची होती, एके काळी तीही धवलारीण. “आता मना कोन बोलवतंय? लग्ना हालमंदी होतान, तास मोजून.” मी सकाळच्या बोलण्याची माफी मागितली, तर म्हणाली, “तुजा काय चुकला? तुना ठावं नवता.” मग मी विचारलं, तुम्ही मध्ये कशा आलात? ती म्हणाली, “धवला मदीच तोरू नये, बाय. देव वाटंत उबं ऱ्हातान.”

आईने तिला हाताला धरून मांडवात आणलं, पाटावर बसवलं आणि सगळ्यांसमोर तिची ओटी भरली. ताई तिच्या पाया पडली, मीही पडले.

हा चमत्कार होता असं मी म्हणणार नाही. केटररने त्या दिवशी तिलाच आणलं, एवढंच. पण मी ज्या बाईला मागे व्हायला सांगितलं, तिच्याच गळ्यातून माझी अडलेली ओळ आली, हे मला विसरता येत नाही. दवाखान्याच्या जिन्यात मी सगळे रकाने भरून देवीला दिले होते. तिने काही करावं अशी जागाच ठेवली नव्हती. मांडवात एक जागा भीतीने रिकामी राहिली आणि कोणीतरी येऊन तिथे उभं राहिलं. बाबा का गेले याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. ते आता मी मागतही नाही. जे धरवत नाही ते सोडून द्यावं, आपल्याला येतं तेवढं गावं, एवढं मात्र शिकते आहे.

आता आईच्या आवाजाला थोडी धार आली आहे. परवा वर्गातल्या एकीने पुन्हा आईबद्दल विचारलं तेव्हा मी म्हटलं, माझी आई धवलारीण आहे, आणि मी शिकते आहे. संध्याकाळी दिवा लावून आम्ही दोघी बसतो. गावदेवी, वेशीवरचा देव, खाडी, राखणदार, आजोबा, आजी, काका. तिथे आलो की आई अजूनही माझा हात दाबते. पण आता आम्ही दोघी ते नाव घेतो.