न मोजलेली पिल्लं

"म्यानेजरराव, मोजू नका."

बाहेरच्या चपला दारात काढायच्या, आतल्या रबरी सपाता पायात सरकवायच्या, दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, डोळे मिटून जरा वेळ उभं राहायचं आणि मग हे वाक्य. देवळात शिरणारा माणूस आणि पांढऱ्या उंदरांच्या खोलीत शिरणारे आमचे डॉक्टर यांच्यात फरक एवढाच, की डॉक्टर घंटा वाजवत नसत. मी एकदा तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "आत वाजती की. तुमाला ऐकू येत न्हाय ते बरंच हाय." मी हसलो. ते हसले नाहीत. माझं हसू मग कुठं ठेवावं ते मला कळेना.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत आमची एक लहानशी प्रयोगशाळा होती. तिथं शेळ्यामेंढ्यांच्या आंत्रविषारावरची लस बनायची. पावसाळ्यात कोवळा चारा खाऊन सकाळी उड्या मारणारी मेंढी दिवस मावळायला पाय झाडते, तो हा रोग. लसीची प्रत्येक खेप बाहेर पाठवण्याआधी उंदरांवर तपासावी लागे, म्हणून मागच्या अंगाला उंदीरघर. मी तिथला मॅनेजर. शिक्षण वाणिज्य शाखेचं. उंदरांशी माझा पूर्वीचा संबंध म्हणाल तर घरातल्या गव्हाच्या पोत्यापुरता.

उंदीर मात्र वाढेनात. माद्या वीत, कापसाच्या घरट्यात गुलाबी पिल्लं वळवळत आणि एक-दोन दिवसांत घरटं रिकामं. पेटीला छिद्र नाही, झाकण जागच्या जागी, आई तोंड धूत बसलेली. पहिल्यांदा मी सापाचा संशय घेऊन गारुडी बोलावला होता. त्यानं खोलीभर पुंगी वाजवली, चहा घेतला आणि गेला. त्या आठवड्यात उरलीसुरली घरटीही रिकामी झाली.

पुण्याच्या मुख्य कचेरीनं शेवटी निकराचं सांगितलं. मृगाच्या आत तपासणीपुरते उंदीर तयार झाले तर ठीक, नाहीतर उंदीरघर बंद आणि त्याबरोबर लसही बंद. म्हणजे मी घरी बसणार आणि पिंजऱ्यांची साफसफाई करणाऱ्या यमुनाबाईही. यमुनाबाई मोरगावच्या बाजूच्या. आदल्या पावसाळ्यात त्यांच्या दारच्या शेळ्या ह्याच रोगानं गेलेल्या. त्या म्हणाल्या, "सायेब, माझं काम गेलं तर दुसरं बघीन. लस गेली तर काय बघू?" तेव्हा एक तज्ज्ञ सल्लागार नेमायची परवानगी मी कचेरीकडून मागून घेतली.

वर्तमानपत्रात जाहिरात दिली. पुण्याहून दोघं आले. एकानं खोलीत पाऊल टाकण्याआधी नाकाला रुमाल लावला, दुसऱ्यानं इंग्रजीत इतकं सांगितलं की मी मान डोलावता डोलावता जेवायची वेळ झाली. तिसरे हे. इंदापूरच्या एसटीनं आले. सरकारी पशुवैद्यकीय खात्यातून निवृत्त, राहायला उजनी धरणाच्या पाण्याकाठी पळसदेवला. पांढरा पायजमा, काखेत छत्री. मी विचारायचे प्रश्न पाठ करून बसलो होतो. ते म्हणाले, "आधी आत जाऊ."

तुम्ही कधी अशी खोली पाहिली नसेल म्हणून सांगतो. तिथं शांतता नसतेच. शेकडो नखं भुश्यात चालत असतात, दात तारेवर चालत असतात, एक बारीक खसफस कायम चालू. डॉक्टर दारात उभे राहिले, डोळे मिटले, आणि ती खसफस थांबली. एका पेटीतली नव्हे, सगळ्या खोलीतली. वीज गेली असं वाटून मी वर पंख्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता. यमुनाबाईंच्या हातातला खराटा तसाच राहिला. मग डॉक्टरांनी डोळे उघडले आणि सगळी नखं पुन्हा चालू लागली.

मी पाठ केलेले प्रश्न विसरलो होतो. म्हणालो, "कधीपासून याल?"

"आलोच की," ते म्हणाले.

कारण सापडायला त्यांना फार वेळ लागला नाही, कारण ते कारण खोलीत त्यांच्या शेजारीच उभं होतं. मुख्य कचेरी रोज सकाळी फोन करून पिल्लांचा आकडा विचारायची. आकडा बिनचूक असावा म्हणून मी रोज घरटी उघडून पिल्लं मोजत असे. हात लावू नये एवढी अक्कल मला होती. त्यासाठी बायकोच्या स्वयंपाकघरातलं भाताचं उलथणं आणलं होतं. त्यानं कापूस अलगद बाजूला सारायचा, मोजायचं, परत झाकायचं. ह्या युक्तीचा मला अभिमान होता आणि तो मी डॉक्टरांना उलथण्यासकट दाखवला.

त्यांनी उलथणं हातात घेतलं, वास घेतला. मग माझा हात धरून त्याचाही वास घेतला.

"सुपारी खाता?"

"जेवणानंतर. थोडी."

"आमच्यात कोकरू झालं की कितवं ते बोलत न्हाईत. आजा मेंढरांच्या वाड्याशी आला की आजी म्हणायची, आत हायती, एवढं बास. मला ते खुळं वाटायचं. पुढं शिकलो, नोकरी केली, आन् बघितलं तर तिचंच खरं. मोजलं की कमी होत्यात."

"पण आईच खाते हो त्यांना," मी म्हणालो.

"खात न्हाय," ते शांतपणे म्हणाले. "परत पोटात ठेवती. तुमी रोज सकाळी येऊन तिला सांगताय, हितं जागा धड न्हाय. मग ती कुठं ठेवणार?"

यमुनाबाईंनी पदर तोंडाला लावला. मी उलथणं घरी नेलं, पण त्यानं वाढलेला भात मला पुढं बरेच दिवस गेला नाही. बायकोला कारण सांगता येईना, तिला वाटलं मी तिच्या हाताला नावं ठेवतोय.

मग उंदीरघराची रीत बदलली. विणीच्या पेट्या खालच्या फळीवर, अंधाऱ्या बाजूला. तिथं फक्त यमुनाबाईंनी जायचं, तेही रोज तेच लुगडं नेसून, म्हणजे वास ओळखीचा राहतो. मी दाराबाहेर. कचेरीचा फोन आला की मी म्हणे, "आहेत."

"किती?"

"आहेत साहेब."

"अहो, किती आहेत?"

"आत आहेत."

पुण्याला माझ्याबद्दल काय मत झालं असेल ते असो. पण घरटी भरलेली राहू लागली.

माणसाचा स्वभाव मात्र उलथण्याबरोबर घरी जात नाही. एका दुपारी यमुनाबाई गावी गेल्या होत्या, डॉक्टर पळसदेवला. मी एकटा. म्हटलं, नुसतं तारेतून बघू, हात कशाला लावायचा? गुडघ्यावर बसलो आणि एका पेटीतली पिल्लं मनातल्या मनात मोजली. ओठसुद्धा हलवले नाहीत. आकडा इतका छान होता की संध्याकाळी मी घरी जिलबी नेली.

सकाळी डॉक्टर एसटीतून उतरले तेव्हा मी फाटकाशीच होतो. कुलूप अजून उघडलं नव्हतं, यमुनाबाई आल्या नव्हत्या. त्यांनी छत्री मिटली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "डावीकडची खालची का?"

आम्ही आत गेलो. डावीकडच्या खालच्या पेटीत आई तोंड धूत होती.

त्यांनी माझी चोरी कशी ओळखली, ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. चोराचं तोंड दिसतं म्हणावं, तर तोंडावर पेटी कुठली ते लिहिलेलं नसतं. त्यांना विचारायचं धाडस झालं नाही. ते रागावलेही नाहीत. रिकामं घरटं त्यांनी ओंजळीत उचललं, बाहेर जाऊन बाभळीच्या मुळाशी ठेवलं आणि तिथंच थोडा वेळ उकिडवे बसले.

वैशाखात बाकीची पिल्लं आपण होऊन घरट्याबाहेर आली. पांढरी, टपोऱ्या डोळ्यांची, एकमेकांच्या अंगावरून पळणारी. यमुनाबाई मला हाताला धरून आत घेऊन गेल्या. "आता बघा सायेब. आता चालतंय." मी पाहिलं. माझी नोकरी तिथं भुश्यात उड्या मारत होती.

आणि मग ज्यासाठी हे सगळं, ते आलं. लसीची खेप तयार होती. उंदरांना त्या रोगाचा विषार टोचायचा, काहींना लस टोचलेल्या मेंढीच्या रक्ताबरोबर आणि काहींना नुसता. नुसता ज्यांना, ते जायचे. नाहीतर लस खरी की खोटी हे कळायचं कसं? तपासणीला पुण्याहून माणूस आला होता. उंदीर धरायला यमुनाबाई तयार होईनात. डॉक्टर म्हणाले, "मी धरतो. माझ्या भरवशावर बाहेर आल्यात ती." आणि मी सटकायच्या बेतात असताना म्हणाले, "म्यानेजरराव, तुमी थांबा. तुमीच मागवलीत की."

मी थांबलो. इतर वेळी टोचताना उंदीर चिरकतात, चावतात. डॉक्टरांच्या तळहातावर आलेलं एकही जनावर हललं नाही. ते अंगठ्यानं कानामागे एकदा हात फिरवायचे, आणि जनावर डोळे मिटायचं. टोचणारा माणूस दोनदा थांबला. त्याला वाटलं, आधीच मेलं. डॉक्टर म्हणायचे, "हाय. टोचा." खोलीत पुन्हा कसलाही आवाज नव्हता. ह्या वेळी मी पंख्याकडे पाहिलं नाही.

लस कसोटीला उतरली. पावसाच्या आत मोरगावकडे, माळावरच्या कळपांकडे गेली. यमुनाबाईंच्या नव्या शेळ्यांनाही टोचली. पुण्याहून अभिनंदनाचा फोन आला तेव्हा डॉक्टर नळाखाली हात धूत होते. मी सांगायला गेलो तर ते धूतच होते. मग छत्री काखेत घेऊन एसटी स्टँडकडे गेले.

पुढच्या आठवड्यात आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. तिकडे नवी वीण सुरू झाली होती आणि घरटी पुन्हा रिकामी होऊ लागली. खरं सांगतो, ह्या वेळी मी मोजलं नव्हतं. दारात सुद्धा गेलो नव्हतो. यमुनाबाई म्हणाल्या, "त्यास्नी आणा सायेब. त्या माद्यांना ठाव झालंय." काय ठाऊक झालंय, ते मी विचारलं नाही.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. पळसदेवला पोचलो तेव्हा उजनीचं पाणी फार मागे गेलेलं, आणि एरवी धरणात बुडालेलं, जुन्या गावातलं देऊळ कोरडं उभं होतं. डॉक्टरांची सून दारात मासळी निवडत होती. मी डॉक्टरांची चौकशी केली.

"मामंजी घरी गेल्यात."

"मग हे घर कुणाचं?"

"हे बी आमचंच. हे धरणानंतरचं." तिनं हातातल्या मासळीनंच पाण्याकडे खूण केली. "पाणी उतारलं की जात्यात. जेवायला येतील."

मी बूट हातात घेतले, विजार दुमडली आणि चिखलात उतरलो. लांबवर घोटाभर पाण्यात डॉक्टर उभे होते, हात पाठीमागे. आजूबाजूला काही नाही. दगड नाही, खांब नाही, सपाट चकाकणारं पाणी. मी सरळ त्यांच्याकडे निघालो तसा त्यांनी हात वर केला.

"तिकडनं नका. तितं भीत हाय. वळसा घालून या."

मी थांबलो. समोर पाणी. मी वळसा घातला. एका हातात बूट, एका हातात विजारीची दुमड, आणि मी मॅनेजर, उघड्या पाण्यात भिंतीला वळसा घालतोय. कडेला जाळी सुकवणारे दोन भोई बघत होते. त्यांच्यातलं कुणी हसलं नाही, हे मला अजून खटकतं.

"चला डॉक्टर," मी म्हणालो. "पुन्हा सुरू झालंय. कचेरीनं महिन्याची मुदत दिलीय. तुम्ही नाही आलात तर उंदीरघर बंद होईल."

"व्हय," ते म्हणाले. "होईल."

"यमुनाबाईंच्या तोंडाकडे बघून तरी."

ते म्हणाले, "मेंढरं वाचली, ते बरं झालं. करायला पायजेच हुतं. पण भरवसा द्यायचा आन् मग धरून द्यायचं, हे एकदा जमलं. दुसऱ्यांदा माझ्या हातावर कुणी डोळं मिटणार न्हाय, म्यानेजरराव. आन् मिटलं, तर मला ते बघवणार न्हाय."

 मॅनेजरकी अशा वेळी उपयोगी पडत नाही.

"उनं वाढल्यात," ते म्हणाले. "बसा म्हणलं असतं, पण आत अंधार हाय. तुमी निघा."

ते वळले. चार पावलं गेले. मग त्या मोकळ्या, सपाट पाण्यावर, जिथं डोक्यावर आभाळाशिवाय काही नव्हतं, तिथं त्यांनी उजवा हात वर नेऊन चौकटीला टेकवावा तसा टेकवला, उंबरा ओलांडताना उचलतात तसा पाय उचलला, आणि मान खाली वाकवून आत गेले.