दोनशे त्र्याहत्तर मिळवा

अण्णांच्या रसायनाच्या शिकवणीला ओटी पुरत नसे, पण तिचं अर्धं डोकं स्वयंपाकघरात असतं हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. अण्णा जुने हेडमास्तर, शिकवण्यात हातखंडा; हल्ली मात्र गणितं त्यांच्या हातून निसटायची. मग आत नारळ खवणारी त्यांची सून मालिनी, एमएस्सी झालेली, पातेल्यावर पळी आपटायची. अण्णा लगेच म्हणायचे, "बघू हां, कुठे चुकलं का." मुलांना वाटे, सर आपली परीक्षा बघतायत. सासऱ्यांची अब्रू पळीच्या टोकावर, दुसरं काय!

त्या सकाळी तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. नवरा उन्मेष मुंबईत, आणि तिथल्याच एका कॉलेजात तिला नोकरी मिळत होती. होकार आजच कळवायचा होता. उन्मेष म्हणाला होता, खुशाल ये, पण अण्णांना तूच सांग. म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा हिनेच बांधायची! अण्णा काही रत्नागिरी सोडणार नव्हते.

बाहेर अण्णांनी गणित घातलं: सत्तावीस अंश सेल्सिअसला वायू तीनशे मिलिलिटर, दाब तोच ठेवून चौपन्न अंशांपर्यंत तापवला, तर किती? आणि स्वतःच सोडवलं, तापमान दुप्पट, आकारमान दुप्पट, सहाशे. आधी दोनशे त्र्याहत्तर मिळवून केल्विन करायचं असतं, ते साफ विसरले.

मालिनीने पळी उचलली नाही. चूक उघडी पडू दे, शिकवणी आपोआप बंद होईल, आपण सुटू. पण दारातून दिसत होतं, मुलं निमूट सहाशे उतरवून घेत होती. मिरकरवाड्याच्या अवनीने तर उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. बारावीचं वर्ष त्या पोरीचं. मालिनीला स्वतःचाच राग आला, आणि तिने पळी आपटली.

अण्णा फळ्याकडे बघत राहिले. चूक सापडेना. मग आजवर कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं, आत हाक मारली.

"मालिनी, बाहेर ये गो. तूच सोडव हे."

ती हात पुसत आली. दोनशे त्र्याहत्तर मिळवले, तीनशे केल्विनचे तीनशे सत्तावीस झाले, म्हणजे वायूही तीनशे सत्तावीस मिलिलिटर. खडू परत द्यायला गेली, तर अण्णांनी तिचीच मूठ मिटली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आजपासून वर्ग हिचा," ते मुलांना म्हणाले. "मी सुटलो."

पोरांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी तिने उन्मेषला फोन केला. अण्णांना सांगितलंस का, त्याने विचारलं.

"नाही," मालिनी म्हणाली. "मला इथेच बढती मिळाली."