वाहत्या पाण्याचे मासे

अक्का गेल्याची बातमी मला चिकपेटेत, अप्पांच्या कापडदुकानात कळली. मी एका गिऱ्हाईकाला इरकली साडी उलगडून दाखवत होते. शाळेचा शिपाई सायकल पायरीला टेकवून आत आला आणि कन्नडमध्ये म्हणाला, इंदिरा टीचरना वर्गात चक्कर आली आहे, तुम्ही चला. म्हणाला चक्कर, पण डोक्यावरची टोपी काढून त्याने हातात धरली होती... मी साडीची घडी घालायला लागले. ती जुळेना म्हणून पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "विमल, राहू दे ते," अप्पा म्हणाले, तेव्हा कुठे मी चपला शोधायला लागले. शाळेत पोचलो तर तिला बाकावर आडवं केलं होतं आणि बोटांना अजून खडू होता. फळ्यावर नदीचा नकाशा काढता काढता ती गेली, असं मुलींनी सांगितलं. उभ्यानंच.

त्याला आता दीड महिना होत आला. भेटायला येणारे थांबले, घर पुन्हा पहिल्यासारखं दिसायला लागलं, पण मला एका जागी राहवत नाही. दुकानात गेले की घरी यावंसं वाटतं, घरी आले की गच्चीवर. थोरली बहीण गेल्यावर माणसाला असं होत असेलही. माझ्या मनात मात्र एक प्रश्न आहे आणि तो मला बसू देत नाही. तो सांगण्याआधी अक्का कोण होती ते सांगायला हवं.

आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या बंगळूरचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि दोन्हींची सरमिसळ इतकी की पुण्याचे पाहुणे आमच्या बोलण्याला हसतात. अक्काला दिली धारवाडला, तेव्हा ते मुंबई राज्यात होतं. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच तिचे पती, आम्ही त्यांना भावजी म्हणत असू, तिला घेऊन आमच्याकडे आले. लहानपणी तिला सांधे धरणारा ताप येऊन गेला होता, त्याने हृदयाची झडप बिघडली आहे, असं तिथल्या डॉक्टरांनी निदान केलं होतं. जिने चढायचे नाहीत, पाणी भरायचं नाही, मूल तर नाहीच. पूर्ण विश्रांती. "बरी झाली की न्यायला येतो," असं अप्पांना सांगून भावजी संध्याकाळच्या गाडीने परत गेले. अक्का तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची असेल. लग्नाआधी ती जेवणसुद्धा अर्धं उभ्यानंच करायची. तिला आम्ही खिडकीजवळच्या खाटेवर निजवलं, आणि आईने घरात सगळ्यांना पावलं न वाजवता चालायला लावलं.

तिचं मन रमावं म्हणून अप्पांनी एक गोल काचेची बरणी आणि त्यात एक सोनेरी मासा आणला. तेव्हा बड्या घरांच्या दिवाणखान्यात असे मासे ठेवायची नवी टूम निघाली होती. अक्का काही दिवस त्याच्याकडे बघत राहिली. मग अप्पांना म्हणाली, "हा बाहेरच्या पाण्यात सोडला तर जगायचा नाही. मला इथला मासा पाहिजे." अप्पांना काही कळेना. इथला मासा म्हणजे बाजारातला, टोपलीतला, संध्याकाळी कालवणात पडणारा. तो काचेत ठेवून काय बघायचं? आई तर म्हणाली, आजारपणाने हिचं डोकं फिरलंय.

एका दुपारी आई देवळात गेलेली असताना अक्का उठली. मला म्हणाली, "विमे, पितळेचा डबा घे आणि चल." मी शाळा संपवून घरात बसलेली होते. नको म्हणेपर्यंत ती रस्त्याला लागलीसुद्धा. टांगा करून आम्ही गावाबाहेरच्या तळ्यावर गेलो. इथल्या बोलीत तळ्याला केरे म्हणतात. तेव्हाच्या बंगळूरला जिकडे जाल तिकडे एक केरे होतं. काठावर बसून तिने जुन्या साडीचा पदर पाण्यात पसरला, वर भाताची शितं टाकली, आणि बराच वेळ हललीच नाही. मग झटकन् पदर उचलला. त्यात बोटाच्या पेराएवढे मासे होते, अंगावर काळा ठिपका आणि उन्हात तांबूस झाक मारणारे. तिला धाप लागली होती, ओठ निळसर पडले होते, आणि ती हसत होती. घरी आल्यावर आईने दोघींना धारेवर धरलं. पण त्या रात्री अक्का पोटभर जेवली हेही आईनेच पाहिलं, आणि मग तिला पुरतं रागावताही येईना.

अप्पांनी दुकानातल्या जुन्या शोकेसच्या काचा देऊन लोहाराकडून चौकट करून घेतली, आणि खिडकीशी मोठी काचपेटी उभी राहिली. तळ्यातले मासे तिच्यात सुखाने राहिले. पण अक्काचं त्यांच्यावर भागेना. अर्कावती नदीच्या ओढ्यांतून तिने दगडाखालचे मासे आणले, आणि ते मात्र पेटीत वर येऊन तोंडं उघडायला लागले. त्यांना वाहतं पाणी हवं होतं. तिने देव्हाऱ्यातलं तांब्याचं अभिषेकपात्र उचललं आणि पेटीवर टांगलं. आई म्हणाली, महादेवाचा अभिषेक आता माशांना. एक दिवस धार छान पडली, आणि दुसऱ्या सकाळी ते सगळे मासे उलटे तरंगत होते. अक्का दिवसभर पेटीपासून मागच्या अंगणापर्यंत फेऱ्या घालत होती. तेच पाणी मागच्या सिमेंटच्या हौदात होतं, आणि तिथे ठेवलेले जास्तीचे तळ्यातले मासे धडधाकट होते. फरक होता तो फक्त तांब्याचा. तिने पात्र घासूनपुसून देवाला परत दिलं, मातीच्या मडक्याला भोक पाडून वात बसवली, आणि पुन्हा ओढ्यावर गेली. त्यानंतर आमच्या घरात मडक्याची ती बारीक धार सतत वाजत असे. मडकं रिकामं झालं की भरायचं, पेटीतलं पाणी काढायचं, पुन्हा भरायचं. पाणी भरायचं नाही असं ज्या बाईला बजावलं होतं ती दिवसभर हेच करत होती.

त्या माशांत एक मिशाळ, लांबट, वाळूत तोंड खुपसून बसणारी मासळी होती. हवा पालटणार असली की ती वेड्यासारखी वर-खाली पळत सुटे, काचेवर आपटे. अक्का ते बघून म्हणायची, "हिला पण बसवत नाही बघ." पुढे पुढे आई सांडगे वाळत घालण्याआधी पेटीत डोकावून जायला लागली. मासळी स्वस्थ असेल तरच गच्चीवर चादर पडे. कुणी हसलं तर म्हणे, मी आपलं सहज बघितलं.

अशी काही वर्षं गेली. धारवाडहून कधीतरी खुशाली विचारली जाई, न्यायला मात्र कुणी येत नव्हतं. आणि आले ते नेमके त्या दिवशी.

ज्या तळ्यातून अक्काने पहिले मासे आणले ते बुजवायला घेतलं होतं. बांध फोडून पाणी सोडून दिलं होतं, एका कडेने मातीच्या लॉऱ्या रिकाम्या होत होत्या, आणि मधे उरलेल्या डबक्यांत मासे एकमेकांवर तडफडत होते. मोठे मासे लोकांनी केव्हाच टोपल्या भरून नेले होते. बारक्यांकडे कोण बघतो? अक्का सकाळपासून गुडघाभर चिखलात होती. माझ्या हातात मडकी, काठावर शेजारपाजारची माणसं तमाशा बघायला. एक फेरी झालीही होती. मडक्यांची तोंडं फडक्याने बांधून आम्ही देवनहळ्ळीच्या बसमध्ये चढलो तेव्हा कंडक्टर आधी खेकसला, मग आत डोकावून बघितलं, आणि दारातल्या लोकांना म्हणाला, "स्वल्प सरीरी, सरका, मासे आहेत." त्या रस्त्याला एका गावाजवळ मोठं भरलेलं केरे होतं. त्यात मडकी उपडी करून आम्ही परत आलो आणि ती पुन्हा चिखलात उतरली.

दुपारी बांधावर टांगा थांबला आणि त्यातून भावजी उतरले. ते बहिणीला घेऊन अक्काला न्यायला आले होते. बहीण घरी आईशी बोलत बसली होती, आणि अप्पांनी यांना पत्ता सांगून धाडलं होतं. कोट, पायात चकचकीत बूट. ते बांधाच्या कडेशी आले. मला वाटलं आता काहीतरी फाटणार. अक्काने त्यांना पाहिलं, पदराने तोंड पुसलं, त्यामुळे आणखीच चिखल लागला.

"तुला बरं नव्हतं ना?" ते म्हणाले.

"घरी बसले की बरं नसतं."

ते म्हणाले, आता बरी दिसतेस, चल, तिकडे तुला याहून मोठी पेटी करून देतो. हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं. वाईट माणूस नव्हता तो. अक्का चिखलातून काठाशी आली आणि खालच्या आवाजात तिने विचारलं, "तिथे मला बाहेर जाऊ द्याल? ओढ्यावर, तळ्यावर, एकटीला?"

भावजींनी लगेच हो म्हटलं असतं तर अक्का गेली असती. मी तिचा चेहरा बघत होते, म्हणून सांगते. पण त्यांना खोटं बोलता आलं नाही. लॉरीतून माती पडल्याचा आवाज झाला, त्यांनी मान वळवून तिकडे बघितलं. मग म्हणाले, "आई आहे तोवर नाही जमायचं, इंदू."

"मग तुम्ही जा. मी रागावून नाही सांगत."

ते गेले नाहीत. दगडावर बसून त्यांनी बूट काढले, विजार दुमडली आणि चिखलात उतरले. दिवस मावळेपर्यंत दोघं शेजारी शेजारी मासे वेचत होती. काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही, फार बोलत नसावीत. शेवटच्या फेरीला बसमध्ये मांडीवर मडकं घेऊन भावजी बसले होते, आणि पाणी त्यांच्या कोटावर सांडत होतं. दुसऱ्या दिवशी बहिणीला घेऊन ते परत गेले. पुढे दोन्हीकडच्या मोठ्यांनी बसून ते नातं रीतसर सोडवलं, त्यांनी दुसरं लग्न केलं. आई कित्येक दिवस रडत होती. अक्का रडली की नाही ते मला माहीत नाही. ती त्या दिवसांत इतकी चालायची की तिच्या चपलांचे अंगठे तुटायचे.

मग ती मुलींच्या शाळेत शिकवायला लागली. आम्हा सगळ्यांना वाटलं होतं त्याहून ती पुष्कळ वर्षं जगली. डॉक्टर दर वेळी नळी छातीला लावून भुवया चढवायचे, बसा म्हणायचे, आणि ती बरं म्हणून दवाखान्यातून चालत घरी यायची. गेल्या वर्षी मात्र पायांवर सूज यायला लागली. गच्चीच्या जिन्यात ती मधेच थांबायची आणि भिंतीवर काहीतरी बघत असल्याचं दाखवायची. तशातही शेवटच्या रविवारी ती ओढ्यावर जायला निघाली होती. मी दारात आडवी उभी राहिले. "विमे, सरक ग," ती म्हणाली. मी सरकले... आणि तिच्याबरोबर गेले.

तर माझा प्रश्न हा. ती बसली असती तर आज असती का? तेरावा दिवस झाल्यावर मी डॉक्टरांकडे जाऊन विचारलं. ते भले माणूस आहेत. पेन खाली ठेवून म्हणाले, सांगता येत नाही. त्या पडून राहिल्या असत्या तर कदाचित आणखी काही वर्षं काढली असती, कदाचित फार आधीच गेल्या असत्या. मी आईला हे सांगितलं. आईने मडकं भरलं, वात सारखी केली आणि पेटीतल्या माशांना शितं टाकली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती काय पडून राहणार होती?" पण शितं जास्तच पडली.

गेल्या आठवड्यात शाळेच्या मुख्याध्यापिकांनी निरोप पाठवला की अक्काची एक वस्तू तिथे आहे, घेऊन जा. मी गेले. शिक्षिकांच्या खोलीत कोपऱ्यात वेताची एक खुर्ची होती, हात असलेली, उंच पाठीची. डॉक्टरांचं म्हणणं ऐकून बाईंनी ती अक्कासाठी मुद्दाम करवून घेतली होती, वर्गात बसून शिकवता यावं म्हणून. अक्काने त्यांचे मनापासून आभार मानले होते आणि खुर्ची कोपऱ्यात सरकवली होती. कधी तिच्यावर मुलींच्या वह्या ठेवायची, कधी आपली छत्री. खुर्ची मी टांग्यात घालून घरी आणली आणि काचपेटीसमोर ठेवली. तिचा वेत जराही खचलेला नाही, बोट वाजवलं तर टणटण आवाज येतो. घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो, किती छान, नवीन घेतली का?

हे सगळं मी त्या खुर्चीत बसून लिहायचं ठरवलं होतं. काल दुपारी कागद घेऊन बसलेही. पहिल्या ओळी लिहून झाल्या आणि उठले, पाणी प्याले, पुन्हा बसले. पुन्हा उठले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बस की ग स्वस्थ." मी हो म्हटलं. आणि हे शेवटचं पान खिडकीच्या कट्ट्यावर कागद टेकवून, उभ्यानंच लिहिते आहे.